शंभरातली नव्याण्णव पानं

उद्या नागपुरात ऊन वाढणार असं पेपरात आलं, की प्रेमानंदकाका विचारतात, "कोणाच्या अंगणातलं ऊन मोजलं जी यांनी?" लग्नपत्रिकेवरची जेवणाची वेळ तर ते वाचतही नाहीत. पण त्यांच्या विचारण्यात भांडण नसतं. आभाळात सरकणाऱ्या एखाद्या ढगाला पत्ता विचारावा, तसं विचारतात आणि उत्तराची वाटही पाहत नाहीत.

नागपूरला लागून असलेल्या वाडीतल्या एका धान्याच्या गोदामात त्यांची सगळी नोकरी गेली. आलेल्या पोत्यांत परखी खुपसायची, म्हणजे ती टोकदार पोकळ नळी, आणि मूठभर दाणा बाहेर काढून पाहायचा. पोतं कोणतं, ते मालवाल्यानं सांगायचं नाही असा तिथला रिवाज. मालवाला पुढचंच पोतं थोपटून "हे पाहा ना भाऊ" म्हणायचा, आणि काका मान डोलावत थप्पीच्या पार मागे अंधारात शिरायचे. "तिकडे थंड वाटे," ते सांगतात. "तुरीचा वास ये. डोळे मिटून हात लावायचा, लागन ते पोतं." नोकरी होती का ध्यानधारणा, देव जाणे.

रिटायर झाल्यावर बुद्धविहाराच्या कमिटीनं त्यांच्याकडे अभ्यासिकेची किल्ली दिली. अभ्यासिका म्हणजे गोदामांच्या मागची एक लांबट खोली. खुर्च्या, टेबलं, एक कूलर आणि कुणीतरी दान दिलेला एक कॉम्प्युटर. मी भिवापूरहून स्पर्धा परीक्षेसाठी आलो तो इथेच चिकटलो. परीक्षा मला चिकटायची अजून बाकी आहे.

उन्हाळ्यात त्या कॉम्प्युटरवर कुणीतरी "निकाल लागला, इथे दाबा" असं काहीसं दाबलं. निकाल लागला तो कॉम्प्युटरचाच. मुलांनी जमवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका सगळ्या गेल्या. मशीन दुरुस्त होऊन आलं, तेव्हा कमिटीचे अध्यक्ष चंद्रभानभाऊ म्हणाले, "आता हे कपाटात. चाबी माझ्याजवळ."

भाऊंचं टायरचं दुकान आहे. हवा काढून घ्यायची सवय तिथूनच लागली असावी. सगळ्यात जास्त हवा निघाली ती पायलची. ती रोज बुटीबोरीहून येते, घरी कॉम्प्युटर नाही, बँकेची ऑनलाइन परीक्षा तोंडावर आलेली. सरावाला हे एकच मशीन. ते कपाटात गेलं की तिचं वर्षही कपाटात.

दोन दिवसांनी भाऊच एक गुळगुळीत रंगीत कागद घेऊन आले. त्यांचा भाचा उन्मेष कॉम्प्युटर विकतो, त्यानं दिलेला. कागदावर उभे खांब. एका नव्या ब्राउझरचा खांब ताडासारखा, बाकीचे त्याच्या पायाशी झुडपासारखे. इंटरनेटवरच्या व्हायरस पसरवणाऱ्या शंभर पानांतली नव्याण्णव हा अडवतो, असं खाली लिहिलेलं.

"हा टाका न् खुशाल खुलं ठेवा," भाऊ म्हणाले.

काकांनी तो कागद बराच वेळ उन्हाकडे धरला. "कोणती शंभर?"

"अबे, शंभर म्हणजे शंभर!"

"ते समजलं. पण निवडली कोणं? अशी पानं तर सकाळी बनतात न् संध्याकाळी विरतात. ज्यानं शंभर आणली, त्यानं कुठून आणली?"

मी फोनवर फोटो मोठा करून अगदी तळाची ओळ वाचली. चाचणीचा खर्च तो ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीनंच केला होता.

"घ्या," काका हळूच हसले. "मालवाल्यानंच पोतं दाखवलं."

भाऊ तापले. "मग तूच तपास ना गा प्रेमानंद! तू म्हणशीन तो ब्राउझर ठेवतो. नाही तर कपाट."

भाऊंनी तेवढ्यापुरतं मशीन कपाटाबाहेर काढून दिलं आणि काकांनी स्वतःची चाचणी मांडली. आमच्या मशीनवर जुनाच ब्राउझर होता. तो संशय आला की पान उघडत नाही, पूर्ण पडदा लाल करून इशारा देतो. काकांनी सगळ्यांना सांगितलं, वाईट पान भेटलं की त्याच्या पत्त्याचा फोटो मले पाठवा. पोरं कामाला लागली. अभ्यासापेक्षा हे बरं. फोटोंवर फोटो आले, सगळे लाल. काका विहाराच्या ओट्यावर पाठ टेकून ते एकेक सरकवत बसायचे, आणि लांबून वाटायचं, म्हाताऱ्याच्या तळहातावर गुलमोहर झडतो आहे.

पुरेसे जमल्यावर उन्मेषनं शेजारी दुसरं मशीन ठेवून त्यावर नवा ब्राउझर टाकला. तेच पत्ते दोन्हीकडे घातले. जुना प्रत्येक पानाला लाल झाला. नव्यानं जवळपास निम्मी पानं आरामात आत येऊ दिली. उन्मेषचं तोंड मात्र आमच्या ब्राउझरला साथ देत लाल झालं.

"जिंकला ना गा तुया ब्राउझर!" भाऊंनी काकांच्या पाठीवर थाप मारली. कपाटाचं नाव राहिलं नाही. उलट अभ्यासिकेबाहेर लावायला त्यांनी बोर्डच रंगवायला टाकला: "येथे शंभरातली शंभर पाने अडवली जातात." कंपनीपेक्षा एक जास्तच. पायल दोन्ही वेळ सरावाला बसू लागली. काका हात मागे बांधून असे फिरायचे, जणू वाडीची कुस्ती मारून आले.

मग एका दुपारी खुर्चीत त्यांचा डोळा लागला. पुढचं त्यांनीच पायलला आणि मला सांगितलं. स्वप्नात जुनं गोदाम होतं, पण भिंती नव्हत्या. धुळीत उन्हाचा एक पट्टा तरंगत होता. समोर लाल पोती ओळीनं उभी राहून त्यांना नमस्कार करत होती. काका खूश. त्यांनी विचारलं, "तुम्ही सगळे आले काय?" तर पोती म्हणाली, "आम्ही तर तेच, ज्यांचे तुम्ही फोटो मागवले." आणि त्यांच्या मागून पांढरी पोती, एकेक, पाय न वाजवता चालली होती. त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं. ती कुठे चालली होती तेही दिसत नव्हतं. पांढरंच पांढरं, जसं कापसाच्या शेतावर धुकं.

"समजलं काय तुमाले?" काकांनी विचारलं.

मला समजलं. पोरांनी फोटो काढले ते पडदा लाल झाला म्हणून. म्हणजे जुन्यानं जे पकडलं तेवढंच चाचणीत आलं. त्याच्या हातून सुटलेलं पान लालच झालं नाही, तर त्याचा फोटो कोण काढणार? आपलंच पोतं आपणच थोपटलं होतं.

"तुम्ही कोणाले सांगू नका जी काका," पायल म्हणाली. "मायी परीक्षा होऊ द्या. मंग सांगा."

रविवारी विहारातली वंदना संपली, लोक चपला शोधत होते, तेव्हा ते चंद्रभानभाऊंजवळ गेले. "भाऊ, मायी चाचणी खोटी हाये." आणि सगळं सांगितलं.

भाऊ पायात एकच चप्पल घालून उभे राहिले. "काहून सांगतलं गा? बोर्डाले आज दुसरा हात देऊन राहिला ना पेंटर!"

"खोटं लिहू नका म्हणून."

"मग चांगला कोणता? तो का हा?"

"माहीत नाही."

"अबे, एवढा खटाटोप करून माहीत नाही?"

"तरी माहीत नाही. कागदवाल्यालेही नाही, मलेही नाही."

"मग कपाट," भाऊ म्हणाले, आणि दुसरी चप्पल घातली.

पायल पुढे झाली. काकांकडे तिनं असं पाहिलं, जशी उन्हात ठेवलेली मिरची. "ज्यांनी बिघडवलं त्यांनीच निस्तरावं. काका बाजूले बसतीन. कोणी काही उघडायच्या आधी त्यांले दाखवन. ते बसले तोवर चालू, उठले का बंद."

भाऊ खांदे उडवून म्हणाले, "बसशीन काय गा?"

"बसतो."

तेव्हापासून मशीन दुपारपासून दिवेलागणीपर्यंतच चालतं. सकाळी काकांना नातवाला शाळेत सोडायचं असतं. पायलचा सराव निम्म्यावर आला आणि त्याबद्दल ती त्यांना रोज एक तरी टोमणा मारते. बोर्ड भाऊंच्या दुकानात पडला आहे, त्यावर ते टायर वाळत घालतात.

काल कूलरच्या गार ओल्या हवेत सगळी खोली पेंगत होती. पायलनं सराव परीक्षेचं एक नवीन पान शोधलं.

"काका, लाल नाही झालं. उघडू?"

काकांनी खुर्ची सरकवली, चष्मा नाकावर ढकलला आणि वरचा पत्ता एकेक अक्षर ओठांत घोळवत वाचायला घेतला. "लाल नाही झालं, म्हणजे लाल नाही झालं. बस, एवढंच."

"टाइम चालला जी काका!"

"चालू दे," काका म्हणाले, आणि पुढचं अक्षर वाचू लागले.