साळूबाईंचं आरमार

पुण्याजवळ माणला कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून हैबतरावांची चार मजली इमारत आहे. इमारत नावावर हैबतरावांच्या असली तरी कारभार त्यांच्या बायकोचा, साळूबाईंचा. खोली कुणाला द्यायची, टाकी कधी धुवायची, गच्चीवर कुणाचे कपडे किती वेळ वाळत राहतील, हे सगळं त्या ठरवतात. वय एकसष्ट. खालून हाक मारली तर चौथ्या मजल्यावरचा माणूस ओ देतो.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरून थिनरचा वास यायला लागला, म्हणून त्या वर गेल्या. तिथे जुईली राहायची. मूळची चंद्रपूरची, इथे एका कंपनीत प्रोग्रामिंग करायची. दार उघडंच होतं. खोलीत सहा फुटी प्लायवुडचं टेबल, त्यावर निळं कापड, कापडावर थर्माकोलची बेटं आणि बोटाएवढी शिडांची जहाजं. एका बाजूला माशाच्या शेपटीचे राक्षस जहाजांच्या मागे उभे, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला ड्रॅगन. जुईली आणि तिचा मित्र मोजपट्टी घेऊन वाकले होते.

“ह्ये काय चाललंय?” साळूबाईंनी विचारलं.

“युद्ध, काकू.”

“कुनाचं?”

“माझं आणि ह्याचं.” जुईलीने हसत समजावून सांगितलं. प्रत्येकाचं एक आरमार. आपली पाळी आली की जहाजं पट्टीने मोजून पुढे न्यायची. तोफा डागल्या की फासे टाकायचे, गोळा लागला की नाही ते फासे सांगतात. टेबलाच्या कडेला ठेवलेला बाण म्हणजे वारा. तो पाठीशी असला तर जहाज लांब जातं, तोंडावर असला तर जेमतेम हलतं.

साळूबाई वासाचं विसरल्या. दारात उभं राहून त्यांनी दोन-तीन पाळ्या पाहिल्या आणि मग त्यांना राहवलं नाही.

“ती मोठी नाव सरळ नेऊ नगंस. वारं तोंडावर हाय. तिरकी काढ, बेटाच्या आडनं. येळ लागंल, पन पोचशील.”

जुईलीने तसं केलं. चार पाळ्यांनी तिचं जहाज मित्राच्या जहाजांच्या पाठीमागे जाऊन उभं राहिलं आणि डाव तिथेच फिरला.

“काकू, तुम्हाला हे कसं कळलं?”

“माझा बाप होडी चालवायचा,” साळूबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्यांचं माहेर मुळशी धरणाच्या पाण्यापलीकडचं. वडील होडीतून माणसं इकडची तिकडे करायचे. बाजाराला निघालेले, आजारी, नवरा-नवरी, एकदा तर गाभण शेळ्यांचा अख्खा कळप. दहाव्या वर्षी साळूबाईंच्या हातात वल्हं आलं. दुपारनंतर घाटाकडून वारा सुटला की कुठल्या टेकडीच्या आडोशाने जायचं, भरलेली होडी वळवायला किती आधी सुरुवात करायची, हे त्यांना हातांनीच शिकवलं. वारा पाठीशी असला की वडील बांबूला चादर बांधायचे आणि बापलेक वल्ही आत घेऊन बसायचे. एकोणिसाव्या वर्षी त्या लग्न होऊन माणला आल्या. इथे तेव्हा भातखाचरं होती, नंतर रस्ते झाले. चाळीस वर्षांत त्या एकदाही होडीत बसल्या नव्हत्या. त्या दिवशी टेबलावरचं ते बोटभर जहाज हातात घेतलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की यातलं काहीच आपण विसरलेलो नाही.

पुढच्या रविवारी त्या न बोलावता वर गेल्या.

खेळाचं नियमांचं पुस्तक नव्वद पानांचं आणि इंग्रजीत होतं. साळूबाई मराठी सातवी शिकलेल्या. जुईलीने एकेक पान मराठीत सांगून त्यांच्या फोनवर रेकॉर्ड करून दिलं. तीन महिने साळूबाई दुपारी मेथी निवडताना ते ऐकत होत्या. अडलं की जिना चढून विचारायला जायच्या.

“ह्यो नियम चुकलाय,” एकदा त्या म्हणाल्या. “भरलेली नाव जागच्या जागी वळत न्हाई.”

“खेळात वळते, काकू.”

“मग खेळापुरतं मानते.”

त्यांनी स्वतःचं आरमार मागवलं आणि स्वतःच रंगवलं. नऊ जहाजं आणि पाठीवर तोफ वाहणारं एक प्रचंड कासव. जहाजांची बुडं डांबरासारखी काळी, शिडांच्या कडांना इरकली काठाचे रंग.

हैबतरावांना हे पसंत नव्हतं. “लोकं हसत्यात,” ते म्हणाले. “नातवंडं व्हायच्या वयात भावल्या खेळतीया म्हनत्यात.”

“हसू द्या. तुमी देवळात पत्ते कुटता, तवा मी हसते का?”

आठवड्याने हैबतरावांनी सुताराकडून एक पेटी करून आणली. आत स्पंज लावलेले दहा कप्पे होते. त्यांनी ती साळूबाईंच्या पलंगावर ठेवली.

गेल्या वर्षी जानेवारीत पुण्यात एका सभागृहात स्पर्धा होती. सोळा खेळाडू, त्यात साळूबाई सगळ्यात मोठ्या. पहिल्या दोन फेऱ्या त्यांनी जिंकल्या. तिसरीत समोर शेखर आला. आठ वर्षं खेळणारा, ड्रॅगनचं आरमार बाळगणारा. बसण्याआधीच त्याने आयोजक विलास यांना हाक मारली.

“सर, यांना इंग्रजी वाचता येत नाही. ती मुलगी शेजारी उभी राहून सांगते. स्पर्धेत मदतनीस चालत नाही.”

विलास अवघडले. जुईली काही बोलणार, तेवढ्यात साळूबाईंनी तिचा हात धरला.

“तू जा, बाहेर चहा पी.” मग त्या शेखरकडे वळल्या. “तुमी इचारा. कुटला बी नियम इचारा.”

शेखरने तीन प्रश्न विचारले. आग लागलेलं जहाज शेजारच्याला टेकलं तर काय? मंत्राने आणलेलं धुकं किती पाळ्या टिकतं? डोलकाठी मोडल्यावर वेग किती उरतो? साळूबाईंनी तिन्ही उत्तरं दिली. विलास पुस्तकात पाहत होते आणि दर उत्तराला मान हलवत होते.

“आता माझा एक,” साळूबाई म्हणाल्या. “तुमचा ड्रॅगन किती पाळ्या उडतो?”

“पाहिजे तितक्या.”

“न्हाई. तीन. मग त्यानं बेटावर न्हाईतर आपल्या जहाजावर टेकायचं. न्हाई टेकला तर बुडाला.”

विलासनी पान काढलं. तसंच होतं. आठ वर्षांत शेखरला कुणी हे दाखवलं नव्हतं.

खेळ सुरू झाला. टेबलावर एकच बेट होतं. साळूबाईंनी कासव सरळ त्या बेटावर चढवून ठेवलं आणि बाकीची जहाजं वाऱ्याच्या बाजूला लांब नेली. शेखरला वाटलं, बाई घाबरल्या. त्याने ड्रॅगन पाठलागावर सोडला. ड्रॅगनने दोन जहाजं जाळली, पण तिसरी पाळी संपली तेव्हा बेट अडलेलं होतं आणि शेखरची जहाजं उलट्या वाऱ्यात दोन हात मागे रखडली होती. ड्रॅगन बुडाला. मग साळूबाई पाठीवर वारा घेऊन खाली उतरल्या आणि अर्ध्या तासात शेखरची सगळी शिडं आडवी झाली.

शेखरने हात पुढे केला. “माझं चुकलं, काकू.”

“ड्रॅगन चुकला,” साळूबाई म्हणाल्या. “तुमी बरं खेळता. वारं तेवढं बघत जा.”

चौथ्या फेरीत त्या हरल्या. फासेच पडेनात. एकूण गुणांवर स्पर्धेत तिसऱ्या आल्या, आणि घरी येताना गाडीत त्या जुईलीला आपण कुठे कुठे चुकलो ते मोजून सांगत होत्या.

दिवाळीनंतर जुईलीची बंगळुरूला बदली झाली. टेबल तिने इथेच ठेवलं. ते आता तळमजल्यावर पार्किंगच्या कोपऱ्यात असतं. रविवारी सकाळी आठ-दहा जण जमतात, भरे गावाहून एक फॅक्टरीतला फिटर येतो, आणि शेखर बाणेरहून न चुकता येतो. नवीन माणसाला साळूबाई पहिला महिना तोफ डागू देत नाहीत. नुसती जहाजं फिरवायला लावतात.

येत्या मार्चमध्ये नाशिकला मोठी स्पर्धा आहे. साळूबाईंनी नाव दिलंय. या वेळी कासवाऐवजी दोन हलकी गलबतं न्यायची, असं त्यांनी ठरवलंय आणि सध्या त्यांची शिडं रंगवणं चालू आहे.