कोरीव गुहेतली भरती

बेटावर सगळे तिला ताई म्हणत. तिचा नवरा पर्यटकांची बोट चालवायचा आणि ती त्यांना बेटाच्या पश्चिम टोकाची कोरीव गुहा दाखवायची. ओहोटीला गुहेचं तोंड उघडं पडायचं, दीड तासात परतावं लागायचं. आतल्या भिंतीवर कुणीतरी कधीकाळी कोरलेले नाचणारे लोक होते आणि त्यांच्या गळ्याशी शिंपल्यांची पांढरी रेघ. "भरतीला पाणी इथवर येतं बरं का! म्हणून बिचारे माना वर करून नाचताहेत," असं ताई म्हणायची आणि लोक हसायचे. खरं तर त्या रेघेकडे बघताना रोज तिच्या छातीत धडधडायचं. अकरा वर्षांत तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. गुहेला घाबरणारी गाईड म्हणजे हसंच की!

त्या दिवशी समुद्राचं लक्षण ठीक नव्हतं. लाटा नेहमीपेक्षा लवकर गुहेच्या तोंडाशी आपटू लागल्या. ताईनं शिट्टी फुंकून सगळ्यांना बाहेर काढलं, बोटीत चढवलं आणि डोकी मोजली. अठरा! आले होते एकोणीस. तिनं पुन्हा मोजलं. अठराच.

"ते चित्रकलेचे मास्तर कुठेत?" कुणीतरी विचारलं.

वही घेऊन आलेले म्हातारे मास्तर आतच राहिले होते.

"अहो, तुम्ही बोट काढा," ती नवऱ्याला म्हणाली. "इथे थांबलात तर खडकावर फुटेल."

"आणि तू?"

"मी त्यांना घेऊन येते. जा म्हणते ना!"

बोटीत लहान मुलं होती. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि बोट वळवली.

ताई बॅटरी घेऊन आत शिरली तेव्हा पाणी गुडघ्याला होतं. हाका मारत ती आतल्या भिंतीपाशी पोचली, तोवर ते कमरेला लागलं. मास्तर तिथेच होते. दोन दगडांच्या फटीत त्यांचा पाय अडकला होता आणि चष्मा वाहून गेला होता. खिशातल्या चाकूनं बुटाची नाडी कापून तिनं पाय सोडवला. वळून पाहते तर गुहेच्या तोंडाशी उजेडच नव्हता. लाटांनी वाट बंद केली होती.

कोरीव लोकांच्या पायाशी हातभर रुंद कट्टा होता. मास्तरांना तिनं त्यावर ढकललं, मागोमाग स्वतः चढली.

"ताई, खरं सांगा, पाणी कुठवर येतं?"

चष्मा नसल्यानं त्यांना रेघ दिसत नव्हती. तिला दिसत होती. उभं राहिलं की रेघ तिच्या छातीशी यायची आणि मास्तर तिच्याहून बुटके होते.

"गुडघ्यापर्यंत," ती म्हणाली. आवाज कापू नये म्हणून तिनं दात आवळले.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं. मग मांड्यांपर्यंत. कमरेपर्यंत आलं तेव्हा मास्तरांनी तिचा दंड घट्ट धरला.

"तुम्हाला भीती वाटतेय?"

"पाचावर धारण बसलीय, मास्तर."

"बरं झालं बोललात. मला वाटलं, मीच एकटा भित्रा."

दर लाटेला कट्टा पायाखालून सुटल्यासारखा वाटायचा. बॅटरी विझली. नंतर नुसता अंधार आणि पाण्याचा आवाज. ताईनं एका हाताची बोटं दगडी नर्तकाच्या कोपरामागे रुतवली, दुसऱ्या हातानं मास्तरांना काखेखाली धरून वर उचललं. खारं पाणी त्यांच्या हनुवटीला लागत होतं. किती वेळ गेला, तिला कळलं नाही. कधीतरी तिला आपलं पोट गार लागलं, वारा लागल्यासारखं. पाणी उतरत होतं.

सूर्य बुडायच्या बेताला दोर घेऊन नवरा आत आला, तेव्हा दोघं कट्ट्यावर बसून कुडकुडत होती. तिला पाहून तो मोठा माणूस लहान पोरासारखा रडला.

"अहो, मला या गुहेची पहिल्या दिवसापासून भीती वाटते," ती म्हणाली.

"अकरा वर्षं? अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हसला असतात."

तो हसला नाही. ताई पुन्हा गुहेत गेली नाही. आता ती लोकांना डोंगरावरच्या धबधब्याकडे नेते. वाटेत जळवा चिकटतात, लोक किंचाळतात आणि ताई शांतपणे मीठ काढून देते. पण मागून पाण्याचा आवाज वाढला की अजूनही ती थांबते आणि डोकी मोजते.