तीन वेळा तपासलेला गहू

संशोधन केंद्रात तिला सगळे स्वेटरमावशी म्हणत. बाहेर अंगाची लाही होत असली तरी हिच्या अंगात जाडजूड तपकिरी स्वेटर, कारण बियाण्यांची जी खोली ती बावीस वर्षं सांभाळत होती, तिथला पारा बारा महिने चारावर. कुठलं पाकीट कुठल्या कप्प्यात, हे संगणकाआधी मावशीला ठाऊक.

त्या वर्षी समुद्रापलीकडच्या एका संस्थेकडून गव्हाची मागणी आली. तिकडच्या गव्हावर तांबेरा रोग पडला होता आणि तो फवाऱ्यांना दाद देत नव्हता. इथल्या एका जुन्या वाणावर मात्र तो चढत नाही, हे दोन्हीकडच्या लोकांनी चार वर्षं खपून शोधून काढलेलं. तिकडची पीकडॉक्टर बाई दर आठवड्याला पडद्यावर भेटायची. दोघींची मोडकीतोडकी भाषा कशीबशी जुळायची. पेरणीला नऊ आठवडे आहेत, असं तिने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

त्या वाणाचे दाणे उरले होते जेमतेम सहाशे. परदेशी जाणारं बी निरोगी असल्याचा दाखला लागतो, त्यासाठी शंभर दाणे ओल्या कागदावर उगवून पाहावे लागतात, आणि दाखला मिळाल्यापासून चौदा दिवसांत पार्सल रवाना झालं नाही तर तो बाद होतो. मावशीने अगदी जिवावर येऊन शंभर दाणे मोजले. आठ दिवसांत दाखला मिळाला.

पार्सल मात्र जागचं हलेना. बी पाठवण्याआधी करार व्हायला हवा होता, त्यावर दोन्ही संस्थांची नावं होती आणि आधी कुणाचं नाव यावरून कायदेखात्यात घोडं अडलं होतं. पत्रं गेली, पत्रं आली. चौदा दिवस सरले, दाखला बाद झाला. पुन्हा शंभर दाणे, पुन्हा आठ दिवस, पुन्हा दाखला. नाव तिथेच अडलेलं. मावशीचा नवरा बस चालवायचा. तो म्हणाला, माझ्या गाडीत टाक, परवा बंदरावर उतरवतो. एरवी ती हसली असती. त्या दिवशी ताटावरून उठून गेली.

दुसरा दाखलाही बाद झाला आणि तिसऱ्या तपासणीचा कागद टेबलावर येऊन पडला. मावशीने दाणे मोजले नाहीत. दुसऱ्या खेपेच्या कोंबांचा ट्रे उचलला, दोन जिने चढली आणि तो कायदेअधिकाऱ्याच्या उघड्या फायलीवर ठेवला.

"साहेब, हे आता परत बी होणार नाहीत. दोनशे गेले. तुमचं नाव ठरेपर्यंत उरलेलेही असेच जातील."

"मावशी, नियम काही मी केलेले नाहीत."

"दाखल्याचा नियम मी पाळतेच आहे. नाव कुणाचं आधी, हा कुठला नियम?"

साहेबांनी ट्रे अलगद बाजूला सरकवला आणि संचालकांच्या कानावर घालतो म्हणाले. आठ दिवसांनी तोडगा निघाला: नावं वर्णक्रमाने लावायची. शाळकरी पोरालाही सुचलं असतं, असं मावशी पुटपुटली आणि तिसरे शंभर दाणे मोजायला बसली. उरलेल्या तीनशेंतले निम्मे ठेवले, निम्मे पाठवले.

सह्या, जकात आणि प्रवास उरकून पार्सल पोचलं तेव्हा तिकडची पेरणी उरकून एकोणीस दिवस झाले होते. पीकडॉक्टर बाईने तीस दाणे कुंड्यांत लावले, बाकीचे पुढच्या वर्षासाठी ठेवले. पुढे महिन्याभराने तिने पडद्यावर आपला हात दाखवला. रस्त्यालगतच्या पिकातून नुसती चालत आली होती, तरी बोटं तांबेऱ्याच्या भुकटीने नारिंगी झाली होती. कुंड्यांतली रोपं तेवढी स्वच्छ होती. ती रागावली नाही, उलट आभार मानत राहिली. मावशीला ते जास्त लागलं.

इकडे करार झाल्याचा समारंभ ठरला. मावशीला व्यासपीठावर खुर्ची होती. ती गेली नाही. काचघरात मांडी घालून ती उरलेल्या गव्हातले शंभर दाणे वाढवण्यासाठी वीतभर अंतराने एकेक करून पेरत होती. बोलवायला आलेल्या शिपायाला तिने हात मातीचे असल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती पुढच्या वर्षाच्या पाठवणीचा अर्ज घेऊन वर गेली. कायदेअधिकाऱ्यांनी तारीख पाहिली. इतक्या लवकर अर्ज घ्यायची पद्धत नाही, म्हणाले. मावशीने अर्ज टेबलावर ठेवला, वर त्यांचाच पेपरवेट ठेवला आणि पोच मिळेपर्यंत समोरच्या खुर्चीत बसून राहिली.