दादाचा पाट

त्या घराचा मला अजून राग येतो. सगळ्यात जास्त माझा.

माझा थोरला दादा बोलत नसे. अकोल्याच्या घरी वडिलांची वकिली ओसरीवर चाले. दादाही तिथंच कोपऱ्यात त्याच्या सागवानी पाटावर बसलेला असे. अशील आले की आम्ही त्याच्या काखेत हात घालून त्याला मागच्या खोलीत फरफटत नेत असू. तो ओरडे, चावे. मग दोरी. "याले वेड चढलं," म्हणायचो आम्ही. वर्षानुवर्षं हेच.

माझी बायको हिवरखेडची. सुनेनं भासऱ्यापुढं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढं, यायचं नाही ही आमच्याकडची रीत. त्यामुळे दादा कुठं आहे, काय करतोय, याचा ती दिवसभर दाराआडून कानोसा घेई. एकदा म्हणाली, "त्याइले ओढता काहून? जेवाच्या वक्ताले आई पाट उचलतात, तं ते आपल्या मनानं मांगं जातात. पाट हातात द्या अन् समोर चाला."

"तू डाक्टरीण झाली का?" मी हसलो.

पुढे बहिणीला पाहायला अमरावतीचे पाहुणे आले. टांगा दारात थांबला तशी मी अन् काकांनी दादाला धरलं. तो काकांच्या मनगटाला कडकडून चावला. काकांनी दोरी मागितली. तेवढ्यात डोईवरचा पदर ओढून बायको ओसरीवर आली, पाट उचलून तिनं दादाच्या हातात दिला आणि पुढं चालू लागली. दादा तिच्यामागं निघाला. मुकाट.

पाहुणे जाताच वडील कडाडले, "सून भासऱ्यापुढं येते? लाजशरम हाय का नाई?"

आई म्हणाली, "पण पोरगं गुमान गेलं नं!"

"मंग सून रोज हेच करन का? त्याले इस्पितळात धाडा. वेड्याइच्या."

ज्याला आम्ही कधी नुसतं 'चल' म्हटलं नाही, त्याचा भासरेपणाचा मान तेवढा राखायचा होता!

पोचवायला मीच निघालो. बायकोनं पाट पुसून दारात ठेवला होता. "एवढा तं घेऊन जा." गाडीत मांडीवर पाट घेऊन बसलेलं मला लोक पाहतील, म्हणून मी तो घेतला नाही.

स्टेशनवर दादाला डब्यात चढवायला हमाल बोलवावे लागले. त्यातला एक धापा टाकत म्हणाला, "लय जबर पागल हाय बाप्पा!"

मी म्हणालो, "हो."