मावंद्याच्या चौरंगावरचे दोन फोटो

आमच्या परदेश प्रवासाचा फिल्मचा रोल एकच होता. त्यातले निम्मे फोटो हलले. उरलेल्यांत मला आवडणारे दोन, आणि ते दोन्ही मीच काढलेले असल्यामुळे मी त्यांत कुठेच नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे या फोटोंवर कात्री चालली तेव्हा मला कापलं म्हणून मी चिडलो असं शिरूरकडच्या लोकांनी पसरवलं. मला कापायला मी त्यात होतोच कुठे?

मी दौंडचा. वडील रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वाटून उरलेली युनियनची पत्रकं अब्बा घरी आणायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकलो. पत्रकात वरच लिहिलेलं असतं, आम्हाला काय हवं आहे. तीच सवय मला लागली. म्हणून इथेही लिहितो: मला त्या रोलची निगेटिव्ह हवी होती, एका माणसाला कबूल केलेला फोटो पाठवायला. बाकी सगळं त्याच्यामुळे घडलं.

माझा मित्र शिरूर तालुक्यातला, घोड नदीकाठच्या गावचा. घरची शेवंती आणि भाजीची शेती. शाळेसाठी तो दौंडला मामाकडे राहायचा आणि जेवायला निम्मे दिवस आमच्या क्वार्टरमध्ये असायचा. मामाला सांगायचा, स्टेशनच्या कँटीनमध्ये खाल्लं. तेव्हा मला ते गमतीचं वाटायचं. मुसलमानाच्या घरचं कालवण चोरून खाणं म्हणजे क्रांती, अशी आमची समजूत होती.

कॉलेजच्या सुट्टीत आम्ही नेपाळला निघालो. परदेश आणि पासपोर्टही लागत नाही, एवढंच कारण. मला अब्बांच्या नोकरीमुळे रेल्वेचा पास, त्याला विद्यार्थ्यांची सवलत. पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेल्या लष्करी हॅवरसॅक पाठीवर, आणि त्याच्या मामाचा बॉक्स कॅमेरा. दौंडच्या फलाटावर अब्बा एवढंच म्हणाले, “एकमेकाला सोडून पुढं जाऊ नका.”

अलाहाबादला गाडी बदलताना त्याने गंगाजलाचा सीलबंद गडू विकत घेतला. मी म्हणालो, “हे कशाला?” तो म्हणाला, “आईसाठी रे. तिला कुठलं कळतंय.” मी हसलो. त्या गडूचं पुढे काय होणार हे तेव्हा ओळखायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. मित्राच्या पिशवीवर पहारा ठेवायचा नसतो.

काठमांडूला ट्रक जात होते. आम्ही भाडं वाचवायला भीमफेदीपासून जुन्या पायवाटेने चढलो. दुसऱ्या चढावर त्याच्या बुटाचा तळ सुटला. सुतळीने बांधून तो लंगडत चालला, मग सुतळीही तुटली. वाटेवर तीन-चार घरांची वस्ती लागली. तिथे एक माणूस ओसरीत कातडं कापत बसला होता. सार्की, म्हणजे आपल्याकडचा चांभार. त्याने काही न विचारता बूट हातात घेतला, वास घेऊन तोंड वाकडं केलं आणि बायकोला काहीतरी म्हणाला. ती हसून हसून वाकली. आम्हालाही हसू आलं.

बूट शिवेपर्यंत पाऊस लागला. आम्ही त्याच्याच ओसरीत राहिलो, त्याच्याच घरचा भात आणि मुळ्याची आंबट भाजी खाल्ली. माझ्या मित्राने दोनदा भात मागून घेतला. सकाळी पैसे पुढे केले तर तो माणूस मान हलवायला लागला. कॅमेऱ्याकडे बोट दाखवून मोडक्या हिंदीत म्हणाला, “पैसा नहीं. फोटू.” त्याचा भाऊ हिंदुस्थानात पलटणीत होता. भावाचा फोटो घरात होता, ह्यांचा भावाकडे नव्हता.

तो माझा पहिला आवडता फोटो. ओसरीच्या कोरीव खांबाशी चांभार, त्याची बायको आणि मधे माझा मित्र, मांडीवर त्यांची नाक गळणारी मुलगी, हातात शिवलेला बूट वर धरलेला. चांभाराचा हात मित्राच्या खांद्यावर. वर मक्याची कणसं टांगलेली. निघताना मित्राने त्या माणसाला छातीवर हात ठेवून सांगितलं, “भेजेगा. पक्का.” फोटो भीमफेदीच्या मिठाच्या दुकानावर पाठवायचा, दुकानदार पोचवेल, असं ठरलं.

दुसरा फोटो पशुपतिनाथाच्या देवळाबाहेरचा. मला देवाशी देणंघेणं नव्हतं, पण इतकं चालून आलो तर कोरीवकाम बघावं म्हणून गेलो. दारावरच्या शिपायाने नाव विचारलं. माझं नाव ऐकून काठी आडवी केली आणि मित्राला म्हणाला, “तुम जाओ.”

मित्र म्हणाला, “याला नाही तर मलाही नाही.”

मी त्याला दोनदा म्हणालो, जा, बघून ये. तो गेला नाही. समोरच्या दगडी कठड्यावर देवळाकडे पाठ करून बसला, पाय लांब सोडले आणि म्हणाला, “काढ फोटो. बूट दिसले पाहिजेत.”

बूट दिसतात. चांभाराची पांढरी शिवणसुद्धा दिसते. मला आयुष्यात कुणाचा अभिमान वाटला असेल तर त्या कठड्यावर बसलेल्याचा. आज तो माझ्याशी बोलत नाही, मी त्याच्याशी बोलत नाही, तरी हे वाक्य मी खोडणार नाही.

परत आल्यावर रोल त्याच्याकडे राहिला. शिरूरच्या स्टुडिओत धुवून घेतो म्हणाला. मला दोन फोटोंच्या प्रती दिल्या, निगेटिव्ह दिली नाही. मी दोन कार्डं टाकली. उत्तर नाही. माझ्याकडची प्रत पाठवून दिली असती, पण त्या ओसरीच्या फोटोची एकेक प्रत मी, मित्र आणि तो चांभार अशा तिघांकडे राहायची असं ठरलं होतं आणि कबूल केलेलं निम्म्यावर आणणं मला येत नाही. शेवटी एका रविवारी एसटीने शिरूरला आणि तिथून चालत त्याच्या गावी गेलो.

वेशीजवळच वाजंत्री ऐकू आली. आधी वाटलं लग्न. मग पाहिलं, माझा मित्र पांढरं धोतर नेसून मिरवणुकीत चालला होता आणि त्याच्या डोक्यावर तांब्याचा गडू होता. अलाहाबादच्या फलाटावरचा.

मावंदं चाललं होतं. काशीयात्रा करून आलेला म्हातारा माणूस गावाला घालतो ते मावंदं. शेजारी चालणाऱ्या एका गाववाल्याला मी विचारलं, कुणी यात्रा केली? तो म्हणाला, “आबाच्या पोरानं. पशुपतिनाथाचं दर्शन घिऊन आला. एवढ्या वयात. नशीब लागतं.” मग माझ्याकडे बघून, “तुमी कुठलं?”

“त्याच्याबरोबर होतो.”

“व्हय? मंग तुमालाबी दर्शन झालं की.”

घराच्या अंगणात चौरंग मांडला होता. गडू, नारळ, आणि चौकटीत बसवलेले माझे दोन फोटो. हळदकुंकू वाहिलेले. एकात मित्र होता, मागे देऊळ होतं, आणि फोटो गुडघ्यावर संपत होता. बूट गेले होते. दुसऱ्यात मित्र छातीपासून वर, शेजारी कोरीव खांब, वर कणसं. चांभार नाही, त्याची बायको नाही, मुलगी नाही. फक्त मित्राच्या खांद्यावर चार बोटं राहिली होती. तेवढी कापता आली नव्हती, कापली तर मित्राचा खांदा गेला असता.

बाया ओळीने येऊन माझ्या मित्राच्या पायावर पाणी घालत होत्या. एक आजी त्याच्या पाया पडली. त्याच्या आजीच्या वयाची. त्याने पाय मागे घेतले नाहीत. मग ती चौरंगाशी वाकली आणि म्हणाली, “ह्यो हात कुनाचा रं, बाळा?”

मित्र म्हणाला, “पुजाऱ्याचा, आजी.”

आजीने त्या बोटांना कुंकू लावलं आणि काचेवर डोकं टेकलं.

इतक्यात त्याने मला पाहिलं. चेहरा उतरला, पण हात जोडलेलेच राहिले. त्याचे वडील पुढे आले. “आलास? बरं केलंस. गोठ्याकडं बस जरा, पंगत उठली की तुला वाढत्याल.” आबा वाईट बोलले नाहीत. रोज जसं बोलतात तसंच बोलले, म्हणून सांगतो.

मी मित्राला बाजूला घेतलं. “हे काय आहे?”

“हळू बोल. वरवंडचे पाहुणे आलेत, माझी सोयरीक ठरतेय. पोरगा मुसलमानाबरोबर देशाबाहेर गेला, काय खाल्लं काय प्यालं, असं गावभर झालं होतं. आबांनी यात्रा म्हणून सांगितलं, मिटलं. एका दिवसाचं आहे. तुझं काय जातंय?”

“निगेटिव्ह दे. त्या माणसाला फोटो पाठवायचाय.”

“त्याला पत्ता तरी आहे का? अरे, तो विसरला असेल.”

“निगेटिव्ह कुठाय?”

“आबांनी कुठं ठेवली मला माहीत नाही. आज नको. लेका, आज तरी नको.”

अंगणात पंगत बसायला लागली होती. मी जाऊन मधल्या ओळीत, वरवंडच्या पाहुण्यांच्या समोर, मांडी घालून बसलो. पुढ्यात पत्रावळ ओढली. वाढपी खिरीची बादली घेऊन आला आणि थांबला. माझ्या दोन्ही बाजूंचे लोक उठले. मग त्यांच्या बाजूचे. पंगत मोडायला लागली तसे आबा धावत आले.

“ऊठ. हितं न्हाई बसायचं, तुला ठावं हाय.”

“निगेटिव्ह आणून द्या, आबा. मी उठतो.”

“काय आनून दिऊ?”

मग मी पाहुण्यांकडे तोंड करून सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. त्या देवळात तो गेला नाही, मला जाऊ दिलं नाही म्हणून गेला नाही, आणि ते त्याने चांगलं केलं. ज्या हाताला आत्ता कुंकू लागलं तो चांभाराचा हात आहे. त्याच्या घरी तो दोनदा मागून भात जेवला.

पाहुण्यांतले मुलीचे मामा मित्राकडे बघून म्हणाले, “खरं हाय का रं?”

मी वाट पाहिली. एका शब्दाचं काम होतं. तो म्हणाला, “त्याला चेष्टेची सवय आहे, मामा. पत्रकं वाचून डोकं फिरलंय.”

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, उचला त्याला. पण मला उचलायचं म्हणजे मला शिवायचं, मग सोवळ्यातल्यांना परत अंघोळ. त्यांचाच नियम त्यांना आडवा आला. खीर थंड होत होती आणि मी बसलो होतो.

शेवटी त्याची आई आली. घरातून एक खाकी पाकीट आणलं आणि माझ्या पत्रावळीवर ठेवलं. वाढतात तसं, वाकून. म्हणाली, “देव्हाऱ्यामागं हुतं. घे, बाबा. आन् पुन्हा आमच्या दारात येऊ नगंस.”

मी उठलो. मित्र वेशीपर्यंत मागे आला. अजून धोतरातच.

“तुझं बरंय,” तो म्हणाला. “तुला कुणी पंगतीत घेतच नाही. तुला उठवणार कशातून? मला इथंच राहायचंय.”

“मग बूट कापायचे नव्हतेस.”

“एवढ्याशा फोटोसाठी माझं घर उठवलंस.”

“तो माणूस पैसे घेत नव्हता,” मी म्हणालो.

दौंडच्या स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह उजेडाकडे धरली आणि विचारलं, पोरीचं नाक पुसून देऊ का, ब्रशने जातं. मी म्हणालो, काहीही पुसू नका. प्रत भीमफेदीला रजिस्टरने पाठवली. पोचली का, कळलं नाही.

वरवंडची सोयरीक झाली. मोडली असती तर मला वाईट वाटलं असतं का, असं मला विचारतात. नाही.

गेल्या वर्षी तो आमच्या क्वार्टरवर आला. खादीचा सदरा. अम्माने चहा ठेवला, त्याने नेहमीसारखा बशीत ओतून प्यायला. आबा निवडणुकीला उभे होते. म्हणाला, “तो चांभाराबरोबरचा फोटो हवाय. अख्खा. छापखान्यात ब्लॉक करून पत्रकावर घेतो. हल्ली लोकांना असलं आवडतं. वस्तीतली मतं फिरतील.”

ही थट्टा नव्हती.

“देतो,” मी म्हणालो. “खाली छाप की हा पुजाऱ्याचा हात म्हणून तू गावाला पाया पडायला लावलंस. आणि मावंदं खोटं होतं.”

तो हसला. “पत्रकात एवढी जागा नसते रे.”

पत्रकात किती जागा असते हे मला, आमच्या घरात, त्याने सांगायचं.

“मग नाही,” मी म्हणालो.

त्याने बशी खाली ठेवली. दारात चपला घालताना म्हणाला, “दोन ओळींवरून दोस्ती सोडणारा तूच.” अम्मा आतून विचारत होती, अजून घेणार का. तो गेला.

निगेटिव्ह माझ्याकडे आहे. मागायला त्याने नंतर दौंडच्या मामाला धाडलं, मी मामालाही तीच अट सांगितली. त्या दोन ओळी त्याच्या पत्रकात मावल्या नाहीत. इथे त्या छापल्या आहेत: हात चांभाराचा आहे, आणि माझा मित्र देवळात गेला नव्हता.