दोराला लावलेला हात

आमच्या मच्छीमार संस्थेत एक जुनी रीत होती. सिहोऱ्याजवळच्या आमच्या तलावात उन्हाळ्यात मोठं जाळं पडलं, की जो दोराला हात लावील त्याला मासळीचा वाटा. ओढण्याइतकं बळ अंगात आहे की नाही, हे कुणी बघत नसे. म्हातारी माणसं पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, खाली येत, दोरावर नुसता तळवा टेकत आणि टोपलीत रोहू घेऊन घरी जात. त्यांत शेजारची मोठीमाय असायची. तिचा नवरा आणि माझे वडील जन्मभर एकाच डोंग्यात, एकाच लहान होडीत, राबले. दोघंही गेले, पण मोठीमायचा हात दरवर्षी दोरावर असायचा.

मी कॉलेजात गेलेलो, म्हणून मला सचिव केलं. त्याच वर्षी मत्स्यबीजाचं अनुदान कापलं गेलं आणि भंडाऱ्याला आमचं प्रशिक्षण झालं. एका साहेबांनी पडद्यावर बाण दाखवत सांगितलं, की संस्था जगवायची तर ती बदलावी लागेल. मी वहीभर लिहून घेतलं. खरं सांगायचं तर डोक्यात हवा गेली होती. परतलो तो नवं हलकं जाळं, मोबाईलवरची हजेरी आणि तगड्या माणसांची यादी डोक्यात घेऊनच. यादीत नाव असेल त्यालाच वाटा; उरलेली मासळी विकून बीज घ्यायचं आणि तलावात सोडायचं. बीजच सुटलं नाही तर पुढच्या वर्षी वाटा कशाचा, असं मी सभेत विचारलं तेव्हा कुणाकडे उत्तर नव्हतं. आजही नाही, आणि तेच मला छळतं.

पहिल्याच ओढीला मोठीमाय आली. लुगडं खोचलं, दोराला हात लावला. मी मोबाईल घेऊन उभा होतो आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

"यादीत नाव नाही न, मोठीमाय," मी म्हणालो.

"मी कुठं ओढून राहिली, बापू?" ती हसली. "हात ठेवून राहिली फक्त."

"तेच तर. काढ हात."

मला हळू बोलता आलं असतं. बाजूला नेऊन समजावता आलं असतं. पण पहिल्याच दिवशी नियम मोडला तर उद्या रांग लागेल, याची मला धास्ती होती. तिने हात काढला, तलावात धुतला, पदराला पुसला आणि रिकामी टोपली घेऊन निघाली. बाकीची म्हातारी माणसं तिच्या मागोमाग गेली. त्यांना तर मी काही बोललोही नव्हतो.

संस्था वाचली. बीज सुटलं, मासळी वाढली, दुसऱ्या गावांचे लोक आमची पद्धत बघायला आले. मला शाल मिळाली. पुढच्या उन्हाळ्यात जाळं पडलं तेव्हा तलावावर एकही म्हातारं माणूस नव्हतं. मला वडील आठवले आणि रडू आलं. डोळ्यांपुढे यादी दिसेना, म्हणून हजेरी दुसऱ्याला घ्यायला लावली.

त्या दुपारी माझ्या वाट्यातला चांगला रोहू घेऊन मी मोठीमायच्या घरी गेलो. ती अंगणात भाजी निवडत होती.

"वाटा आणला, मोठीमाय. घे न."

तिने माशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"मी दोराले हात नाही लावला न, बापू," ती म्हणाली. "मंग मले वाटा कायचा?"

तिने मला बसवलं, प्यायला पाणी दिलं. निघताना मासा परत माझ्या हातात ठेवला.