इंदिरा नगरातलं डावं वळण

"सगळा ट्रॅक मोडून काढतोय. त्याआधी एक शर्यत खेळून जा," असा श्रीकांतचा फोन आला आणि मी लखनौचं तिकीट काढलं. मला त्याच्याशी भांडायचं होतं. हाताने वस्तू घडवणाऱ्याने ती आपल्याच हाताने मोडावी, हे मला मान्य नाही. सभांमधून मी आयुष्यभर हेच सांगत आलो आहे.

पुण्याहून प्रवास लांबचा आहे, आणि थंडीत धुक्यामुळे गाडी रखडतेच. पोचायच्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. लखनौच्या चारबाग स्टेशनावर रिक्षावाले घेरतील. सरळ मेट्रोत बसा. स्वस्तात थेट इंदिरा नगरला पोचाल.

श्रीकांत मूळचा साताऱ्याचा, रेल्वेतला निवृत्त इंजिनिअर. गच्चीवरच्या खोलीत त्याने स्लॉट कारचा ट्रॅक बांधला आहे. प्लायवूडमध्ये कोरलेल्या खाचा, त्यांच्या कडेने तांब्याच्या पट्ट्या आणि त्या खाचांतून विजेवर धावणाऱ्या तळहाताएवढ्या मोटारी. पितळी सांगाड्याला डाख देण्यापासून सगळं घरी केलेलं. प्रत्येकाच्या हातात वेग कमीजास्त करणारा एक चाप असतो. तो वळणावर जरा जास्त दाबला गेला की मोटार खाचेतून उडते.

श्रीकांतचा हात आता थरथरतो, आणि हे वाढतच जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. मोटारीच्या पोटाशी चुंबक लावला तर ती उडत नाही. लखनौतल्याच जानकीपुरमहून शर्यतीला येणाऱ्या संशोधक जोशीबाईंनी तसं सुचवलंही होतं. "मग चालवणार कोण? चुंबक?" एवढं बोलून त्याने तो विषय संपवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची लखनौतच वाढलेली मुलगी सई मला जुन्या शहरातल्या 'चौक' भागात घेऊन गेली. तिथली मक्खन मलाई फक्त थंडीत मिळते. तोंडात घातली की फेसासारखी विरते. उशिरा गेलात तर संपलेली असते. ती खाता खाता मी सईला माझे मुद्दे ऐकवले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काका, बाबांना भाषण मत दीजिए. उन्हें दया की बू आ जाती है."

दुपारी शर्यत लागली. श्रीकांतच्या घरी एक नियम आहे. ज्याची मोटार सर्वांत आधी उडेल तो बाद. त्याने डाव्या वळणावर उभं राहायचं आणि इतरांच्या उडालेल्या मोटारी परत खाचेत बसवायच्या. मोटार बसेपर्यंत सगळ्यांची वीज बंद. रेल्वेतल्या माणसाचा नियम: मार्ग मोकळा झाल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही.

पहिल्याच फेरीत श्रीकांतची मोटार उडाली. चाप खाली ठेवून तो भिंतीजवळच्या खुर्चीकडे निघाला. आज नियम राहू दे, हे सांगायला मी उठलो. सईने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"बाबा, मोड़ पर. नियम आपका है."

"हाताला जमणार नाही गं."

"तो हम रुकेंगे."

तो वळणावर जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने माझीच मोटार उडाली. सईने वीज बंद केली. मोटारीखालची खुंटी खाचेत बसवायची होती. ती हुकली, पुन्हा हुकली. जोशीबाई मान खाली घालून उभ्या होत्या. माझा हात पुढे जाऊ पाहत होता. मी तो मागे बांधून धरला. खाली गल्लीतून मटरवाला ओरडत गेला. अखेर खुंटी बसली. श्रीकांतने बोट उचललं आणि माझ्याकडे पाहिलं.

"वळणावर चाप सोडायचा असतो. पण तू बोलताना तरी कुठे सोडतोस? चला."

निघायच्या दिवशी मी वर गेलो. ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाचे स्क्रू त्याने आधीच सैल करून ठेवले होते. आता तो ते पुन्हा आवळत होता आणि सई फळी धरून उभी होती.

घरी येऊन काही दिवस झाले. मागे पडलेल्यांसाठी थांबा, हे मी किती व्यासपीठांवरून गर्जून सांगितलं आहे. थांबताना हात मागे बांधून धरावा लागतो, हे त्यातल्या एकाही भाषणात नव्हतं.

रविवारी संध्याकाळी, तिथली शर्यत संपल्यावर, सईचा मेसेज आला: "आज बहुत देर लगी, काका. सब रुके रहे."